उजेड कुठून यावा?

या वेळी सगळी पत्रे एकाच विषयावरची घेतली आहेत. जून लागला की आमच्या भागात लाइटीचा भरवसा नसतो, आणि दोन्ही हात कामात गुंतलेले असताना बॅटरी धरायची कुणी, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. डोक्याला बांधायचे, गळ्यात घालायचे, लोखंडाला चिकटणारे, चिमट्याने अडकवायचे दिवे आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. त्यातला कोणता घ्यावा, असे विचारणारी बरीच पत्रे गेल्या दोन महिन्यांत आली.

नव्या वाचकांसाठी सांगते. इचलकरंजीत आमचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केले आणि आता मी चालवते. शाळेतून आले की दप्तर कोपऱ्यात ठेवायचे आणि आण्णा स्टेटरमध्ये, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागात, तारेच्या कॉइल भरत असतील तिथे लांब वायरचा बल्ब धरून उभे राहायचे, हे माझे पहिले काम. हात भरून आला की बल्ब खाली यायचा. लक्ष रस्त्यावर गेले की उजेडही रस्त्याकडे जायचा. आण्णा म्हणायचे, "तुझ्या नजरेवर नको, माझ्या बोटावर धर." पत्रे वाचताना हे वाक्य सारखे कानात होते.

प्रश्न : मी ब्लाउज शिवते. वय 52. भिंतीवर ट्यूबलाइट आहे, तरी काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. मुलाने डोक्याला बांधायची बॅटरी आणून दिली. अर्ध्या तासात कपाळ ठणकते आणि कापड नुसते चकाकते. गळ्यातला दिवा घेऊ का?
– शिवणकाम करणाऱ्या एक वाचक, बार्शी

ताई, आपले डोळेच गेले असे लगेच मनात आणू नका. वय वाढते तशी बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि आतले भिंग पिवळट होत जाते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. तुम्ही त्या वाटेवर आहात. ज्या ट्यूबखाली तुमचा मुलगा सहज सुई ओवेल, त्याच ट्यूबखाली तुम्ही संधिप्रकाशात बसल्यासारख्या असता. चष्म्याचा नंबर तपासून घ्याच, पण उजेडही वाढवा.

वाढवायचा म्हणजे जवळ आणायचा. लहान दिव्याचे कामापासूनचे अंतर निम्मे केले की कामावर चौपट उजेड पडतो. त्यामुळे भिंतीवर आणखी एक ट्यूब ठोकण्यापेक्षा शिवणीपासून फूटभरावर आणलेला तीन वॉटचा एलईडी तुमच्या जास्त उपयोगी पडेल.

आता डोक्यावरच्या बॅटरीत कापड चकाकते पण शिवण दिसत नाही, त्याचे कारण. तिथे नजर आणि उजेड जवळपास एकाच रेषेत जातात. मग प्रत्येक वस्तूची सावली तिच्याच मागे लपते, आणि सावली दिसली नाही की उंचसखलपणाही दिसत नाही. आमच्या दुकानात हे रोजचे आहे. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. कॉइल खाचेत बसवताना पत्र्याच्या कडेला घासून एखाद्या तारेवर बारीक ओरखडा उठतो. तो तसाच राहिला तर मोटर जळून परत येते आणि गिऱ्हाईक तोंड फिरवते. डोक्यावरच्या दिव्याने पाहिले तर खाचेतल्या सगळ्या तारा सारख्याच लखलखतात. तोच दिवा काढून स्टेटरच्या कडेला आडवा धरला की तारांच्या तपकिरी रांगेत गुलाबीसर ठिपका उठून दिसतो. ते उघडे पडलेले तांबे. तार जरा उचलायची, खाली कागदाची पट्टी सरकवायची, वार्निश द्यायचे, की झाले. गवंडीही गिलाव्याचे फुगवटे शोधायला दिवा भिंतीला लगटूनच धरतो.

म्हणून तुम्हाला मी आधी मशीनवर बसणारा दिवा सांगेन. वाकवता येणारी मान आणि तळाला चुंबक असा मिळतो. तुमचे मशीन जुन्या घडणीचे असेल तर त्याचे डोके बिडाचे असते, त्यावर चुंबक घट्ट बसतो. नव्या हलक्या मशीनचे अंग प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे असते, त्यावर बसणार नाही. तिथे टेबलाच्या कडेला चिमट्याचा दिवा लावा. दिवा डावीकडून आणि थोडा पुढून येऊ दे. उजवीकडे मशीनचा खांब आणि तुमचा उजवा हात, दोन्हींची सावली सुईवर पडते. दिव्याची मान जितकी खाली झुकवाल तितका टाका उठून दिसेल. काळ्यावर काळे शिवताना तर ती अगदी कापडाच्या जवळ आणा, कारण सुती कापड निस्तेज असते आणि पॉलिस्टरच्या दोऱ्याला झाक असते. तिरप्या उजेडात ती झाक एकटी चमकते. उसवतानाही हीच युक्ती करा. दिव्याची वायर मात्र उजवीकडच्या चाकाच्या आणि चामडी पट्ट्याच्या आसपास फिरकू देऊ नका.

गळ्यातला दिवा हातशिलाईसाठी चांगला. हुक लावणे, फॉल लावणे, काज करणे ही कामे तुम्ही खिडकीत, ओसरीत, कुठेही बसून करता, तिथे तो तुमच्याबरोबर येतो. त्याला दोन टोके असल्याने दोन्ही बाजूंनी उजेड पडतो आणि एका हाताची सावली दुसरे टोक पुसते. वजन कपाळावर येत नाही. टोके छातीच्या खाली, मांडीकडे वळवून ठेवा. वर राहिली तर चष्म्याच्या काचेत दोन ठिपके नाचतात आणि समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत उजेड जातो. पदरावर तो घसरतो, म्हणून आधी दिवा मानेवर बसवून मग पदर घ्यायचा. चालत्या मशीनवर तो घालून बसू नका. पुढे वाकलात की टोके सुईजवळ आणि चाकाजवळ लोंबकळतात. फिरत्या यंत्रापाशी गळ्यात काहीही नको, हे मी हात जोडून सांगते. यंत्रमागांच्या गावात मी वाढले आहे, ओढणीचे काय होते ते पाहिले आहे.

दोऱ्याचा रंग मात्र कोणत्याच दिव्याखाली ठरवू नका. दिव्याखाली तंतोतंत जुळलेला मोरपंखी दोरा उन्हात वेगळा दिसतो. दारात जाऊन जुळवायची तुमची जुनी सवयच बरोबर आहे.

प्रश्न : आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री थ्री फेज लाइट असते. रात्री दारे धरायला जावे लागते. डोक्याला बॅटरी बांधली की चिलटे आणि पाखरे तोंडावर येतात. पाऊस भुरभुरला की समोर पांढरे धुके दिसते. जास्त पॉवरची घेतली तर फरक पडेल का?
– एक शेतकरी, जत तालुका

दादा, जास्त पॉवरची घेतलीत तर धुके आणखी पांढरे होईल. तुमच्या डोळ्यापासून दोन बोटांवरचा उजेड पावसाच्या थेंबांवर आपटतो आणि सरळ डोळ्यांत परत येतो. मोटारीचे फॉग लाइट खाली बंपरजवळ असतात ते याचसाठी. बॅटरी खाली आणा. पट्टा सैल करून छातीवर आडवा बांधा किंवा चिमट्याची बॅटरी कमरपट्ट्याला लावा. पाखरेही तोंडावरून कमरेशी येतील.

याहून मोठा फायदा जमिनीचा. डोक्यावरून पाहिलेला बांध सपाट दिसतो. खड्डा, ढेकूळ, पाइप, वेटोळे घालून बसलेले जनावर, सगळे एकाच रंगात मिसळते. कमरेवरून उजेड तिरपा पडतो आणि प्रत्येक उंचवट्यामागे लांब सावली पडते. घोणस पाचोळ्यात हलत नाही आणि तिच्या अंगावरची नक्षी पाचोळ्यासारखीच असते. ती कळली तर अशा सावलीनेच कळते. मण्यार तर रात्रीच फिरते, आणि तिचा चावा कित्येकदा दुखतही नाही. म्हणून पांढरा उजेड, कमरेवर, दोन पावले पुढच्या जमिनीवर. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी, आणि काठी आपटत चालणे. इतके केलेत तर माझ्या जिवाला बरे वाटेल.

पाणी एका सरीत लावून बांधावर बसायचे असते तेव्हा पिवळा किंवा नारिंगी दिवा लावा. किड्यांना निळसर पांढरा उजेड जास्त ओढतो, पिवळा कमी. चालताना मात्र पिवळ्यावर राहू नका, कारण मातकट रंगाचे जनावर त्यात बुजते. बॅटरी बंद करून अंधारात डोळे पूर्ण बसायला वीस-तीस मिनिटे लागतात. सारखी लावायची आणि विझवायची, यात तुम्ही दर वेळी आंधळे होता.

काही चावल्याची शंका आली तरी 108 ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. चिरा देऊ नका, दोरीने आवळू नका. आणि ओल्या हाताने, ओल्या पायाने स्टार्टरची पेटी उघडू नका, बॅटरी कितीही चांगली असली तरी.

प्रश्न : मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे. ऑनलाइन 20,000 लुमेनचा हेडलॅम्प 350 रुपयांना आहे. घेऊ का? सध्या मी मोबाइलचा टॉर्च लावून तो शर्टाच्या खिशात ठेवतो किंवा तोंडात छोटी बॅटरी धरतो.
– एक विद्यार्थी, मिरज

बाळा, आधी हिशेब करू. तुला तो येतो, म्हणून करून दाखवते. अशा दिव्यात बहुतेक वेळा एक 18650 सेल असतो. नावातच माप आहे : जाडी 18 मिलिमीटर, लांबी 65. या मापात चांगल्यात चांगला सेल 3500 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असतो. व्होल्टेज सरासरी 3.6 धर. गुणाकार केला की साधारण साडेबारा वॉट-तास येतात. एलईडीतून एका वॉटला शंभर लुमेन (लुमेन म्हणजे निघणाऱ्या उजेडाचे माप) धरले तर 20,000 लुमेनला 200 वॉट लागतील. म्हणजे तो सेल चार मिनिटेही टिकणार नाही, आणि तेवढ्या वेळात तुझ्या कपाळावर 200 वॉटची शेगडी असेल. आकडा खोटा आहे. सेलवर 9900 लिहिलेले असेल तर तेही खोटे. असले सेल कित्येकदा जुन्या लॅपटॉपमधून काढून नवे वेष्टन चढवलेले असतात. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नकोस. सेल फुगलेला दिसला तर त्या दिवशीच बाजूला काढ.

पॅनलच्या कामाला 200 ते 300 खरे लुमेन पुष्कळ होतात. खोक्यावर एफएल वन असा शिक्का असेल तर आकडे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात. तिथेही "30 तास चालतो" म्हणजे सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उजेड येईपर्यंतचा वेळ, हे ध्यानात ठेव. लुमेनपेक्षा मी सीआरआय नावाचा आकडा आधी पाहते. रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. 90 च्या वर असेल तर उत्तम. स्वस्त निळसर दिव्याखाली जुनी, धूळ बसलेली तांबडी वायर आणि तपकिरी वायर सारखीच दिसते. तांबडी, पिवळी, निळी, काळी, हिरवी यांतली एक जरी चुकीची ओळखलीस तर काय होते ते तुझ्या सरांनी शिकवले असेल.

आता तुझी तोंडातली बॅटरी. ते मी वाचले आणि पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ बसले.

मार्च 1987. माझी दहावीची परीक्षा चालू होती, म्हणून दिवा धरायला आण्णांबरोबर कुणी नव्हते. एका सूतगिरणीत स्टार्टर पॅनलवर काम होते. खालचा स्विच त्यांनी स्वतः पाडला होता, पण स्विचच्या वरच्या बाजूच्या पट्ट्यांत करंट होताच. दोन सेलची स्टीलची बॅटरी दातांत धरून ते पाना फिरवत होते. काहीतरी विचारायला मागून कुणीतरी हाक मारली, आण्णांनी ओ दिली, आणि बॅटरी तोंडातून निसटून थेट दोन पट्ट्यांवर आडवी पडली. पांढरा जाळ झाला. भुवया गेल्या, उजव्या तळहाताची कातडी सोलवटली, आणि दोन महिने त्यांना कॉइल भरता आली नाही. डोळे मिटलेले होते म्हणून डोळे वाचले. ती बॅटरी अजून माझ्याकडे आहे. तिच्या अंगावर बोराएवढी दोन भोके आहेत, कडा वितळून गोल झालेल्या.

त्यावरून मी जे शिकले ते तुला सांगते. पॅनलपाशी धातूच्या अंगाचा दिवा न्यायचा नाही. पॅनलच्या आत चुंबकाचा दिवा चिकटवायचा नाही, कारण दार आपटले किंवा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला सप्लाय जोडणारा विजेवरचा स्विच, खाडकन बसला की तो सरकतो, आणि खाली काय आहे ते तुला माहीत आहे. चिकटवायचाच तर बाहेर, दाराच्या पाठीवर. डोक्यावर प्लॅस्टिकच्या अंगाचा हेडलॅम्प घे, हेल्मेटच्या खोबणीत पक्का बसणारा. खिशातला मोबाइल वाकताना पुढे घसरतो, तोही बंद कर.

पॅनलसाठी डोक्यावरचा दिवाच योग्य, हे वर बार्शीच्या ताईंना सांगितले त्याच्या उलटे वाटेल. पॅनल खोल असते. खोल, अरुंद जागेत बाजूचा उजेड पोचतच नाही, तो नजरेच्या रेषेतूनच जावा लागतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या कपाळावर मधोमध भोक असलेला गोल आरसा असायचा, तो आठवतो का तुझ्या आजोबांना विचार. रोग्याच्या खांद्यामागे दिवा, आरशावरून उजेड कानात, आणि त्याच भोकातून डॉक्टरांची नजर. नजर आणि उजेड एकाच वाटेने. पृष्ठभाग पाहायचा तर उजेड बाजूने, आणि भोकात पाहायचे तर नजरेसोबत.

दोन्ही हात मोकळे झाले म्हणून दोन्ही हात पॅनलमध्ये घालायचे नाहीत. करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जातो. आधी सप्लाय बंद, कुलूप, मग टेस्ट, मग हात. आणि मित्राशी बोलताना त्याच्या तोंडाकडे पाहू नकोस, किंवा दिवा खाली कर. शिडीवरच्या माणसाच्या डोळ्यांत हेडलॅम्प मारला तर त्याला पुढची पायरी दिसत नाही.

प्रश्न : माझे वडील कोळशाच्या भूमिगत खाणीतून निवृत्त झाले. ते म्हणतात, आमच्या कॅप लॅम्पपुढे तुमच्या बाजारातल्या बॅटऱ्या खेळणी आहेत. तसा दिवा घरी वापरायला घ्यावा का?
– एक वाचक, वणी

वडिलांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यांच्याकडून त्या दिव्याच्या गोष्टी ऐकून लिहून ठेवा. खाणीतल्या हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीने स्फोट होतो. त्यामुळे तिथे दिव्याचा प्रश्न कधीच नुसता उजेडाचा नव्हता. 1815 मध्ये हंफ्री डेव्हीने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. जाळी उष्णता शोषते म्हणून आतली ज्योत बाहेरच्या वायूला भडकवत नाही. पण तो दिवा हातात धरावा लागे. पुढे टोपीवर कार्बाइडचा दिवा आला : कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब, त्यातून ॲसिटिलीन, आणि टोपीवर उघडी ज्योत. आंबे पिकवायला वापरायची बंदी आहे तेच हे कार्बाइड. वायू असलेल्या खाणीत ती ज्योत जीवघेणी होती. मग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एडिसनने कमरेला बॅटरी आणि टोपीला बल्ब अशी जोडणी केली, आणि तुमच्या वडिलांनी वापरला तो त्याच वंशातला.

बॅटरी कमरेला ठेवण्यातले शहाणपण आज विसरले गेले आहे. ज्यांना डोक्यावर तास तास दिवा लागतो, त्यांनी सेल डोक्यामागे किंवा कमरेला असलेला घ्यावा. पुढे सगळे वजन आले की मान दुखते.

घरासाठी खाणीचा दिवा घ्यायची गरज नाही. त्यातली एक शिकवण मात्र घ्या. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर कुठलाही दिवा, बॅटरी, मोबाइल तिथे लावू नका आणि विझवूही नका. बाजारातल्या साध्या हेडलॅम्पच्या बटणात ठिणगी पडू शकते. खिडक्या-दारे उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

प्रश्न : मला पेसमेकर बसवला आहे. पत्नी अंथरुणाला खिळली आहे, रात्री दोनदा तिची कूस बदलून पाठीची जखम पाहावी लागते. मोठा दिवा लावला की तिची झोप मोडते. गळ्यातला चुंबकाचा दिवा चालेल का?
– एक निवृत्त वाचक, ठाणे

काका, चुंबकाचा नको. चुंबक पेसमेकरपासून निदान सहा इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर, लांब हवा. गळ्यातल्या काही दिव्यांच्या टोकांना किंवा पट्ट्याला चुंबक असतो आणि तो नेमका छातीवर येतो. खोक्यावर लिहिलेले नसते, म्हणून टाचणी लावून पाहा. तुमच्या डॉक्टरांनाही एकदा विचारा.

तुम्ही पलंगाच्या पायथ्याच्या दांड्याला चिमट्याचा छोटा दिवा लावा, पिवळसर उजेडाचा, मान भिंतीकडे वळवून ठेवलेला. कूस बदलायला तेवढा पुरतो. जखम पाहताना मात्र मान वळवून पांढऱ्या उजेडात पाहा. पिवळ्या उजेडात लाली कळत नाही, आणि जखमेभोवतीची लाली वाढली का, हेच तुम्हाला पाहायचे आहे. काकूंच्या चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकून मग दिवा वळवा. रात्री दोनदा उठून तुम्ही हे करता, ते वाचून मन भरून आले.

प्रश्न : मी सातवीत आहे. बाबा रविवारी स्कूटर दुरुस्त करतात आणि मला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगतात. मी नीट धरते तरी ते सारखे ओरडतात, "इकडे, इकडे!" मी कसा धरू?
– एक मुलगी, गडहिंग्लज

तुझे पत्र मी दुकानातल्या सगळ्या पोरींना वाचून दाखवले.

बाबांच्या समोर उभी राहू नकोस, समोरून उजेड त्यांच्या डोळ्यांत जातो. ते उजव्या हाताने काम करत असतील तर त्यांच्या डाव्या खांद्यापाशी ये. मोबाइल त्यांच्या कानाच्या उंचीवर धर आणि उजेडाचा गोल त्यांच्या हातातल्या पान्याच्या टोकावर ठेव. टोक हलले की गोल हलवायचा. तू पाहतेस तिथे उजेड आपोआप जातो, म्हणून तूही त्या टोकाकडेच पाहा. हात भरून आला तर गप्प राहू नकोस. "बाबा, हात बदलते" असे सांग आणि मग बदल. कोपर गुडघ्यावर किंवा सीटवर टेकवलेस तर हात हलत नाही.

बाबांना माझा निरोप दे : दुकानातून चुंबकाचा एक छोटा दिवा आणा. स्कूटरच्या लोखंडी चॅसिसला तो चिकटेल, इंजिनच्या ॲल्युमिनियमला चिकटणार नाही. इंजिन गरम असताना त्याच्याजवळही ठेवू नका, सेल बिघडतो. तो दिवा आला की तुझे हात मोकळे होतील. मग बाबांना म्हण, स्पार्क प्लग मी खोलते, तुम्ही बघा.